टरफलाचा जमाखर्च

काजूच्या बिया कितीही जातिवंत असल्या आणि त्या फोडणारे हात कितीही सराईत असले, तरी शंभर किलो बियांतून विक्रीयोग्य गर निघतो तो पंचवीस, फार तर तीस किलो. बाकीचे वजन असते ते टरफलाचे, गरावरील तांबूस सालीचे आणि प्रक्रियेत उडून जाणाऱ्या ओलाव्याचे. या पंचवीस-तीस किलोंची बडदास्त किती ठेवली जाते हे वेंगुर्ले, सावंतवाडी, मालवण या टापूतील कोणीही कारखानदार सांगेल: अखंड गर निराळा, पाकळी झालेला निराळा, तुकडा निराळा, कणी निराळी, आणि प्रत्येक प्रतीचा भाव निराळा. उरलेल्या भागाला मात्र हिशेबाच्या वहीत बहुधा स्वतंत्र रकानाच नसतो. ती टरफले बॉयलरच्या तोंडी जातात, भट्टीला लागतात, किंवा येईल त्या भावाने एखाद्या फिरत्या व्यापाऱ्याला उक्ती दिली जातात. आणि ज्या शेतकऱ्याने ती बी पिकविली व ज्या बाईने ती फोडली, त्या दोघांच्याही जमाखर्चात या वजनाची नोंद कोठेच होत नाही.

शेतमालाच्या आणि अन्नाच्या टाकून दिलेल्या भागांतून मोलाची द्रव्ये परत मिळविता येतात, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. मुंबईची रासायनिक तंत्रज्ञान संस्था १९३३ पासून, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि म्हैसूरची अन्नतंत्र संशोधन संस्था १९५० पासून आपल्या देशात उभ्या आहेत, आणि कोणत्या सालीत, कोणत्या कोयीत, कोणत्या कोंड्यात काय दडले आहे याचे ज्ञान आपणांस पुरेसे आहे. माझे म्हणणे असे की, या कामी आपले घोडे प्रयोगशाळेत अडलेले नसून ते कारखान्याच्या मागच्या अंगणात आणि वहीच्या त्या न आखलेल्या रकान्यात अडले आहे. आणि जोवर टरफलाची राशी निर्माण झाल्याच्या दिवशीच ती कोरडी, वेगळी आणि मोजलेली ठेवण्याची तजवीज होत नाही व तिचा भाव उघडपणे जाहीर होत नाही, तोवर संशोधनावर खर्च होणारा पैसा शेतकऱ्याच्या अंगणापर्यंत पोहोचणार नाही.

काजूचे टरफल हे या विधानाचे सर्वांत चांगले उदाहरण आहे, म्हणून त्यापाशी थोडे रेंगाळणे इष्ट होईल. हे टरफल दिसते एकसंध, परंतु त्याचे बाहेरचे आणि आतले अशी दोन कठीण आवरणे असून त्यांच्यामध्ये बारीक छिद्रांचा सच्छिद्र थर असतो, आणि त्या थरात तांबूस-तपकिरी, दाट, दाहक तेल साठलेले असते. टरफलाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तरी या तेलाचा धरावा. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच वनस्पतिकुळातील भावंडे आहेत. कैरीच्या देठाचा चीक ओठाला लागला म्हणजे जी आग होते, बिब्बा उतला म्हणजे अंगावर जे फोड येतात, आणि काजूची कच्ची बी दातांनी फोडू पाहणाऱ्या मुलाचे तोंड ज्यामुळे भाजते, त्या साऱ्यांच्या मुळाशी एकाच जातीची रासायनिक द्रव्ये आहेत. परीट लोक कपड्यांवर खुणा करण्यासाठी बिब्ब्याचा रस वापरीत, कारण तो डाग धुऊन निघत नाही. आणि हाच चिवटपणा, ही न निघण्याची वृत्ती, काजूच्या तेलाला आधुनिक उद्योगात मोल मिळवून देणारी ठरली आहे.

या तेलात प्रामुख्याने अ‍ॅनाकार्डिक आम्ल असते. तेल तापविले म्हणजे त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कार्डानॉल नावाचे द्रव्य उरते. हे एक प्रकारचे फिनॉलच होय. परंतु दगडी कोळशापासून अथवा खनिज तेलापासून मिळणाऱ्या साध्या फिनॉलला जी नसते अशी पंधरा कार्बन अणूंची लांबलचक शेपटी याला जन्मतःच जोडलेली असते. त्या शेपटीमुळे त्यापासून बनलेल्या रेझिनला लवचीकपणा येतो, पाण्याचा आणि क्षारांचा उपद्रव होत नाही, आणि घर्षणाची उष्णता सोसण्याचे सामर्थ्य मिळते. मोटारगाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात घातली जाणारी घर्षणभुकटी, जहाजांच्या तळाला लावण्याचे रंग, विजेच्या तारांची वेष्टने, इपॉक्सी रंग घट्ट करणारी द्रव्ये, इतक्या ठिकाणी हे कार्डानॉल जाते. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला. किनाऱ्यावरील लोक पुढे होड्यांची लाकडे आणि मासेमारीची जाळी टिकावीत म्हणून याच तेलाचा हात त्यांवर फिरवीत. आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मॉर्टिमर हार्वे या अमेरिकन रसायनज्ञाने त्यापासून रेझिने बनविण्याचे अनेक स्वामित्वहक्क नोंदविले. म्हणजे कोळ्यांना जे अनुभवाने ठाऊक होते त्याचे शास्त्र होऊन आणि त्या शास्त्राचा उद्योग होऊन एका माणसाच्या आयुष्याहून अधिक काळ लोटला आहे, आणि तरीही कोकणातील कित्येक कारखान्यांत ते टरफल आजही तेलासकट जळते.

जुन्या पद्धतीत बिया थेट आगीवर भाजल्या जात. तेव्हा तेल पेटून त्याचा काळा, डोळ्यांत झोंबणारा धूर होई, आणि ती दौलत आसमंतात विरून जाई. जे तेल उरे ते फोडणाऱ्या बायकांच्या बोटांवर उतरे. पुढे बिया वाफेवर उकडून, निववून, हातापायांनी चालणाऱ्या यंत्रावर फोडण्याची रीत आली, आणि तिच्यामुळे गर तर पांढरा राहूच लागला, शिवाय तेलही टरफलात शाबूत राहू लागले. या एका फरकाने टरफल हे कच्चा माल बनले. परंतु त्याचबरोबर एक गोष्ट तशीच राहिली, आणि ती लिहिल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. उकडलेल्या बीतील तेलही दाहकच असते. आणि हाताला राख किंवा खोबरेल चोपडून दिवसभर बिया फोडणाऱ्या बाईच्या बोटांची कातडी काळी पडते, सोलवटते, भाकरी थापताना आणि मुलाला न्हाऊ घालताना चुरचुरते. ज्या द्रव्याला परदेशी रंगाच्या कारखान्यात पिंपागणिक भाव आहे, ते द्रव्य इकडे केवळ एका स्त्रीच्या तळहाताची व्याधी म्हणून ओळखले जावे, हे मला अन्यायाचे वाटते. टरफलाच्या तेलाचा पैसा ज्या दिवशी कारखान्याच्या वहीत जमेस धरला जाईल, त्या दिवशी त्यातील पहिला खर्च या बायकांच्या हातमोज्यांवर आणि औषधपाण्यावर पडला पाहिजे. तो उपकार ठरणार नाही, कारण त्या मालाची पहिली किंमत त्याच मोजीत आल्या आहेत.

कारखानदाराची बाजू मी जाणतो. त्याला वाफ हवी असते, वाफेला जळण हवे असते, लाकूडफाटा महाग झाला आहे, आणि टरफल तर दारातच पडलेले असते. परंतु टरफलातून घाण्याने तेल काढून घेतल्यानंतर जी पेंड उरते तीही उत्तम जळते, किंबहुना तेल निघून गेल्यामुळे तिचा धूर पहिल्याइतका उग्र राहत नाही. आधी तेल, मग जळण, मग राख, असा क्रम लावला तर बॉयलरही उपाशी राहत नाही आणि तेलही हाती येते. दक्षिण आफ्रिकेत सेझेला येथील साखर कारखान्यात उसाच्या चिपाडापासून फरफ्युराल नावाचे औद्योगिक द्रव्य काढून घेतात आणि उरलेला चोथा पुन्हा भट्टीकडेच पाठवितात. अमेरिकेतील क्वेकर ओट्स कंपनीने १९२०च्या दशकाच्या आरंभी हेच फरफ्युराल ओटच्या फोलपटांपासून बनविण्यास सुरुवात केली, ती फोलपटांच्या ढिगांचे करावयाचे काय या अडचणीपोटी. आपल्या लहान कारखानदाराची अडचण एवढीच की, घाण्याला पुरेल इतके टरफल त्या एकट्याकडे जमत नाही, आणि घाणा घेण्याइतके भांडवलही त्या एकट्याकडे नसते. ही अडचण खरी आहे. परंतु ती रसायनशास्त्राची नाही, संघटनेची आहे.

आंब्याच्या कोयीची कथा याहून करुण आहे, कारण तेथे शत्रू पाऊस आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आंब्याचा रस डबाबंद करणारे कारखाने ऐन भरात येतात ते मे महिन्यात. बाजारात खपण्याजोगा आंबा बाजारात जाऊन उरलेला त्यांच्याकडे येतो, आणि त्यांच्या मागीलदारी बाठ्यांचे आणि सालींचे ढीग साचतात. त्या बाठ्यातील गरात, तो वाळल्यावर, सात ते बारा टक्क्यांपर्यंत स्निग्धांश असतो, आणि त्याची घडण कोकोच्या लोण्याशी इतकी जुळती असते की युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटसंबंधी काढलेल्या निर्देशात कोकोच्या लोण्याखेरीज ज्या सहा वनस्पतींच्या चरबीला पाच टक्क्यांच्या मर्यादेत मुभा दिली, त्यांत आंब्याच्या कोयीचा समावेश आहे. त्याच सहांच्या यादीत आपले कोकमही आहे आणि मध्य भारतातील साल वृक्षही आहे. कोकमाच्या बियांचे तेल काढून त्याचे गोळे घरात ठेवावेत आणि भेगाळलेल्या टाचांना लावावेत, हे कोकणातल्या आजीबाईंना कोणत्याही निर्देशावाचून ठाऊक होते. कोयीची सुपारी आपल्या घरोघर होत असे, आणि दुष्काळात कोयींच्या पिठावर लोकांनी दिवस काढले आहेत. कोय उपयोगी आहे याची आपल्याला कधीच शंका नव्हती. शंका आहे ती इतकीच की, ती जूनच्या पहिल्या सरींपूर्वी वाळेल की नाही. ओली कोय ढिगात राहिली की काही दिवसांतच तिला बुरशी येते, गर काळवंडतो, आणि स्निग्धांश खवट होतो. मग उत्तमोत्तम यंत्रातूनही निघते ते केवळ साबणालायक तेल. सारांश, येथे कोकणाला हवी आहे ती दहा कारखान्यांत मिळून एक अशी वाळवणाची सोय आणि बाठा फोडण्याचे साधे यंत्र. या वस्तूंची मागणी कोणी प्रतिष्ठेची मानीत नाही, आणि म्हणूनच त्या मिळत नाहीत.

वेळेचे हे महत्त्व आपण एका ठिकाणी ओळखले, आणि तेथे आपल्याला यश आले. भाताच्या कोंड्यात पंधरा ते वीस टक्के तेल असते, परंतु तांदूळ सडला जाताच कोंड्यातील एक विकर त्या तेलाचे विघटन करू लागते, आणि काही तासांतच ते खाण्याला निरुपयोगी होऊ लागते. कित्येक वर्षे आपल्याकडील या तेलाचा मोठा वाटा त्यामुळे साबणाच्या कारखान्यात गेला. पुढे गिरणीतच कोंड्याला उष्णता देऊन ते विकर निष्क्रिय करण्याची आणि कोंडा ताजा असतानाच तेल काढण्याची व्यवस्था वाढत गेली, आणि आज कोंड्याच्या खाद्य तेलाच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर आहे. भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांतील कोंडा पूर्वी ज्या भावाने गुरांपुढे जात होता तो भाव आता राहिलेला नाही. या यशात नवीन शोध कोणताच नव्हता. गिरणीच्या दाराशी घड्याळ बघून काम करण्याची शिस्त होती, आणि त्या शिस्तीला मोल देणारा ग्राहक होता.

येथे एका मोहापासून सावध राहण्याची विनंती मला करावीशी वाटते. टाकाऊ सालींविषयी अलीकडे जे लिहिले आणि बोलले जाते, त्यात औषधी गुणांचा गजर फार असतो. डाळिंबाच्या सालीने हे बरे होते, द्राक्षाच्या बीने ते टळते, कांद्याच्या पापुद्र्याने आयुष्य वाढते, अशी विधाने परीक्षानळीतील प्रयोगाच्या आधारावर बाजारात येतात, आणि त्यांच्या भरवशावर शेतकऱ्याला नवे स्वप्न दाखविले जाते. त्या सालींत रंगद्रव्ये, टॅनिने आणि इतर गुणी द्रव्ये आहेत हे निःसंशय. परंतु रोग्यावर रीतसर चाचणी होऊन सिद्ध झालेल्या औषधाचा मार्ग लांब, खर्चिक आणि बहुधा निराशेचा असतो. त्यापेक्षा ब्रेकचे अस्तर, जहाजाचा रंग, चॉकलेटमधील स्निग्धांश, मुरंब्याला घट्टपणा देणारे संत्र्याच्या सालीतील पेक्टिन, ही मागणी दिसायला साधी असली तरी ती दरसाल टिकते, आणि शेतकऱ्याने संसार उभा करावयाचा तो टिकणाऱ्या मागणीवर. तसेच जमिनीचा हक्कही विसरता कामा नये. पाचट, पाला आणि काडीकचरा यांवर पहिला अधिकार मातीचा आहे. शेतातून जे सेंद्रिय द्रव्य परत मातीत जावयास हवे ते उचलून कारखान्याला घालणे म्हणजे पुढच्या पिकाची उचल आजच खाणे होय. यास्तव मी बोलतो आहे तो माल कारखान्याच्या आवारात आधीच येऊन पडलेला आहे, आणि ज्याला मातीत घालणेही सोयीचे नाही, अशा मालाविषयी. काजूचे टरफल दाहक असल्याने शेतात पसरता येत नाही. ते जाळले जाते याचे हेही एक कारण आहे.

काजूच्या बोंडाचा विषय वेगळ्या लेखाचा आहे, तरी तो अगदीच वगळता येत नाही. बीच्या कितीतरी पट वजनाचे हे रसाळ फळ, ज्यात संत्र्याच्या चार-पाच पट क जीवनसत्त्व असते, झाडाखाली पडले की एका दिवसात आंबू लागते. गोव्यात त्याची हुर्राक आणि फेणी होते, आणि फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांकाचे मानांकनही मिळाले. सरहद्द ओलांडून सिंधुदुर्गात आले की तेच बोंड बहुतांशी झाडाखाली कुजते, अथवा गुरांपुढे जाते. अबकारी धोरणाचा प्रश्न नाजूक आहे, आणि मद्याची दुकाने वाढावीत असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु तांदळाच्या पेजेने किंवा साबुदाण्याच्या खळीने बोंडाच्या रसातील तुरटपणा निवळवून त्याचे सरबत करता येते, आणि देखरेखीखाली औद्योगिक मद्यार्कही काढता येतो. या दोहोंपैकी पहिल्याला तर अबकारी परवान्याचीही अडचण नाही. तेथेही अडचण आहे ती बोंड त्याच दिवशी गोळा करून केंद्रावर आणण्याची.

मग करावयाचे काय? लोणी येथे १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हा एकेकट्या शेतकऱ्याजवळ कारखान्यापुरता ऊसही नव्हता आणि भांडवलही नव्हते. ते दोन्ही एकत्र आणणारी संस्था तेवढी निर्माण करावी लागली. त्यानंतर मळीसारखी वस्तू मद्यार्काचा कच्चा माल म्हणून आणि चिपाड विजेचे इंधन म्हणून साखर कारखान्याच्या ताळेबंदात जमेच्या बाजूला बसू शकली, ती त्या वस्तू एका जागी, मोठ्या प्रमाणात आणि मोजून मिळत होत्या म्हणून. काजूला हे भाग्य लाभलेले नाही. देशातील काजू उत्पादनात महाराष्ट्र अग्रस्थानी असूनही आपले प्रक्रिया कारखाने लहान आणि विखुरलेले आहेत. आणि तिकडे व्हिएतनाम काजूगराबरोबर टरफलाचे तेलही परदेशी पाठवीत आहे. तालुक्यामागे एक सहकारी घाणा, ज्यात कारखानदार, बागायतदार आणि फोडणाऱ्या बायका या तिघांचेही भाग असतील, हा मोठा पराक्रम नव्हे. जिल्हा बँकेने त्यासाठी कर्ज द्यावे, कृषी विद्यापीठाने तेलाची प्रत तपासण्याची सोय वेंगुर्ल्याच्या आपल्या फळ संशोधन केंद्रात करावी, आणि कोकणातील आंबा-रसाच्या कारखान्यांना वाळवणाच्या छपरांसाठी पावसापूर्वी साहाय्य मिळावे. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही.

आणि या सर्वांच्या आधी एक काम आहे, ज्याला पैसाही लागत नाही. राज्य शासनाने काजूसाठी स्वतंत्र मंडळ स्थापिले आहे. त्या मंडळाला माझी विनंती आहे की, हंगामात काजूबीचे दर ज्या पत्रकाने जाहीर होतील त्याच पत्रकात टरफलाचा आणि टरफलाच्या तेलाचा दर दर आठवड्याला जाहीर करावा, आणि बीचा भाव ठरविताना त्या दराचा हिस्सा बागायतदाराला व फोडणाऱ्या बाईला किती मिळावा हेही त्याच पत्रकात लिहावे. येत्या फाल्गुनात बिया गळू लागतील, त्यापूर्वी हा रकाना आखला जावा.